सासऱ्यांच्या फायलीसाठी

पोरी, परवा फोनवर तू रडत रडत म्हणालीस, "मावशी, रिपोर्ट परत पॉझिटिव्ह उना, आते काय करानं?" तुझ्या सासऱ्यांच्या लिव्हरमधली हायडॅटिडची गाठ धुळ्याला, चक्करबर्डीच्या हिरे मेडिकलला काढून तीन महिने झाले. तीन महिन्यांनी अँटीबॉडीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येणार नाही तर काय येणार? डोळे पूस आणि ऐक. चौतीस वर्षं लोकांच्या दंडाला रबर बांधलंय मी. फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आधी हे समजून घे की ती तपासणी गाठ बघतच नाही. कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा एक फीतकृमी असतो. त्याची अंडी हाताला, भाजीला, पाण्याला लागून माणसाच्या पोटात जातात. तिथे त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे बहुतेक वेळा लिव्हरमध्ये, काही वेळा फुप्फुसात जाऊन बसतात आणि पाण्याचा फुगा धरतात. तो फुगा वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, माणसाला पत्ता नसतो. शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, आणि लॅबवाला मोजतो ती ही अँटीबॉडी. चोर पळाला तरी वस्तीवरची कुत्री रात्रभर भुंकत राहतात, तसं हे असतं. उलट ऑपरेशनच्या वेळी गाठ हलते, शरीराला तिची नव्यानं चाहूल लागते, त्यामुळे आकडा आधी थोडा वर चढतो. मग महिन्यांनी, कधी वर्षांनी उतरतो. पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाचाही रिपोर्ट पुढची कितीतरी वर्षं पॉझिटिव्ह राहू शकतो.

निगेटिव्ह आला म्हणून पेढेही वाटू नकोस. ज्या गाठीचं कवच धड आहे, ती कित्येकदा शरीराला कळूच देत नाही. फुप्फुसातल्या गाठी तर रक्तात फार वेळा सापडतच नाहीत. जुन्या, चुना धरलेल्या गाठीचंही तसंच. इओसिनोफिल वाढलेत म्हणून कुणी घाबरवलं तर तेही मनावर घेऊ नकोस. आपल्याकडे ते दहा कारणांनी वाढतात.

माझी एक चूक सांगते. नोकरीची पहिली वर्षं होती. कॅसोनी नावाच्या इटालियन डॉक्टरची शंभर वर्षांपूर्वीची तपासणी तेव्हा अजून काही ठिकाणी चालायची. मेंढीच्या गाठीतलं गाळलेलं पाणी कातडीत टोचायचं आणि अर्ध्या तासात गांधी उठते का बघायची. ती कुणालाही उठायची, म्हणून पुढे बंद पडली. तर ऑपरेशन होऊन वर्ष झालेल्या एका माणसाच्या हातावर मोठी गांधी उठली आणि मी शहाणपणानं म्हणाले, "बाबा, परत झालंय." त्यानं बकऱ्या विकून पुन्हा ऑपरेशनचे पैसे जमवले. सोनोग्राफीत लिव्हर स्वच्छ निघालं. बकऱ्या काही परत आल्या नाहीत. तेव्हापासून मी नुसत्या रक्ताच्या कागदावर कुणाला एक वाक्यही बोलले नाही.

आता तुझं काम. एकच लॅब धर आणि सोडू नकोस. धुळ्याला केली तर धुळ्यालाच, जळगावला पाठवली तर जळगावलाच. आता ही तपासणी एलायझानं होते. छोट्या छोट्या खळग्यांची प्लॅस्टिकची प्लेट असते, शहाण्णव खळगे. त्यात सीरम घातलं की अँटीबॉडी जितकी जास्त तितका रंग गडद, आणि मशीन त्या रंगाचा आकडा करतं. प्रत्येक कंपनीच्या किटचा आकडा वेगळ्या हिशेबाचा. एका किटचा दोन आणि दुसऱ्याचा वीस यांत काडीचा संबंध नसतो, आणि तू मात्र दहापट वाढलं म्हणून रात्रभर जागी राहशील. नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद घेऊ नकोस. आकडा, कट-ऑफ आणि किटचं नाव लिहून माग. देतात, मागावं लागतं एवढंच.

याहून चांगली गोष्ट सांगते, ही फार कुणी सांगत नाही. लॅबवाल्याला विनंती कर की आजचं थोडं सीरम नाव-तारीख टाकून डीप फ्रीझरला ठेवा. पुढच्या वेळी जुनं आणि नवं एकाच प्लेटवर शेजारी शेजारी लावायला सांग. मग किट बदललं, हात बदलला, तरी तुलना खरी होते. ऑपरेशनआधीचं सीरम असतं तर सोन्याहून पिवळं. फ्रीझर मात्र असा हवा की लाईट गेली तरी चालू राहील.

सोनोग्राफीत लिव्हर स्वच्छ, आकडा उतरत चाललेला, आणि मग अचानक दोनदा ओळीनं वर. असं झालं तरच रक्ताचं ऐक. तेही काय म्हणून? पुन्हा नीट सोनोग्राफी करा, एवढंच सांगतंय म्हणून.

खरी मदार सोनोग्राफीवर. सुरुवातीला दर तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, निदान पाच वर्षं. दहा वर्षांनीही परत उगवलेल्या गाठी डॉक्टरांनी पाहिल्यात. रिपोर्टात गाठीचा प्रकार लिहायला सांग, सीई-१ ते सीई-५. पाण्यानं टम्म भरलेली गाठ सीई-१, चुना होऊन मेलेली सीई-५. तुझ्या दिराच्या लिव्हरमध्ये सापडली ती चार नंबरची आहे ना? चार-पाच नंबरच्या गाठीनं त्रास नसेल तर डॉक्टर नुसती नजर ठेवतात. तिला हात लावा म्हणून मागे लागू नका. आणि पोटात पाण्याची गाठ आहे म्हणून कुणी 'सुई घालून पाणी काढून टाकतो' म्हणाला, तर तिथून उठ. सुईनं उपचार होतात, पण ते हायडॅटिड आहे हे माहीत असलेल्या, सगळी तयारी ठेवलेल्या डॉक्टरनं करायचे. नाहीतर ते पाणी पोटात सांडून माणूस टेबलावरच जाऊ शकतो.

ज्या रक्ततपासणीत कुचराई करायची नाही ती ही नव्हेच, ती गोळ्यांची. सासरे अल्बेंडाझोल घेतायत. शाळेत जंतनाशक दिनाला पोरांना चघळायला देतात तीच, ४०० मिलिग्रॅमची. पण पोरांना एक, आणि यांना दिवसातून दोन, महिनोन्‌महिने. त्यानं लिव्हरला सूज येऊ शकते, पांढऱ्या पेशी उतरू शकतात. म्हणून सुरुवातीला पंधरा दिवसांनी, मग डॉक्टर म्हणतील तसं सीबीसी आणि लिव्हरची तपासणी. मधेच ताप आला, घसा धरला, डोळे पिवळे दिसले तर तारखेची वाट बघायची नाही. केस गळले तर ते परत येतात. घरात कुणी पोटुशी असेल तर तिनं ती गोळी घ्यायची नाही.

आणि गोळी उपाशीपोटी नाही. ती तेलातुपाबरोबरच अंगी लागते, रिकाम्या पोटी बरीचशी तशीच निघून जाते. सासऱ्यांना कोलेस्टेरॉलच्या भीतीनं तू कोरडी भाकरी वाढतेस, मला ठाऊक आहे. गोळीच्या जेवणाला वांग्याच्या भरतावर तेलाची धार सोड, शेंगदाण्याची चटणी वाढ. डॉक्टरांनाही हे सांगून ठेव, म्हणजे हृदयाचा काही प्रश्न असेल तर ते बघतील.

नमुना देताना दोन ट्यूब जातील. जांभळ्या टोपणाची सीबीसीला, लाल किंवा पिवळ्या टोपणाची बाकीच्याला. वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळीसला जातो. रक्त काढून ट्यूब पिशवीत घालून एसटीच्या खिडकीशी ठेवलीस तर लॅबला पोचेल तो लाल सरबत. सीरम तिथेच वेगळं करून, बर्फाच्या डब्यातून पाठवायचं.

शेजारच्या मुलाला फिट आली, त्याच्याही मेंदूत 'जंताची गाठ' निघाली म्हणून तुमच्या आळीत गोंधळ आहे म्हणे. तो कृमी वेगळा, डुकराच्या मांसातला. पण त्याची अंडी न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीतून माळकऱ्याच्याही पोटात जातात. तिथे रक्तापेक्षा सीटी किंवा एमआरआयवर भिस्त. त्याचे रिपोर्ट आणि सासऱ्यांचे रिपोर्ट ओट्यावर बसून जुळवत बसू नका.

राहिला तुमचा कुत्रा, काळू. बोकड कापला की काळीज-फुप्फुसातला फोडवाला तुकडा त्याच्यापुढे टाकायची तुमच्याकडे रीतच आहे. तेवढी मोड. तो तुकडा खोल पुरा, नाहीतर जाळा. जनावरांच्या दवाखान्यातून प्राझिक्वांटेल असलेली गोळी आणा, साधी जंताची नको. किती दिवसांनी द्यायची ते तेच सांगतील. भाकरीच्या तुकड्यात गुळाबरोबर दाबून दिली की खातो मुकाट. त्याच्याशी खेळणाऱ्या पोरांची पोटाची एकेक सोनोग्राफीही उरकून घे.

पुढच्या सोमवारी फाईल घेऊन ये, तारखेनं लावून देते. आणि ऑपरेशनआधीचा तो पहिला रिपोर्ट शोधून आण. देवघरात पोथीखाली ठेवलाय म्हणालीस ना, तोच.