पहिली मैत्रीण आणि किबिजीची सायकल

कागदपत्रांचं आधी उरकून टाकते. जपानात राहायला जागा मिळाल्यापासून 14 दिवसांच्या आत शहर कार्यालयात पत्ता नोंदवा. राष्ट्रीय आरोग्य विमा तिथेच होतो. रहिवासी कार्ड कायम जवळ ठेवा, दूध आणायला खाली उतरलात तरी. अर्धवेळ काम करायचं असेल तर आधी परवानगी, आणि मग आठवड्याला 28 तासांची मर्यादा. एवढं सगळे सांगतात. पण तिसऱ्या आठवड्यात नव्या विद्यार्थ्यांचा फोन येतो तो वेगळ्याच कारणासाठी. "मावशी, सगळे खूप छान वागतात हो, पण कुणी जवळच येत नाही."

ओसाका, कोबे, टोकियो आणि इथे ओकायामात राहणाऱ्या आम्हा काही घरांनी या प्रश्नावर बरीच चर्चा केली. प्रत्येकाचं उत्तर निराळं निघालं. म्हणून उपदेश बाजूला ठेवून एका मुलीचा एक दिवसच सांगते. मुलगी कोथरूडची, सहा महिन्यांसाठी इथल्या विद्यापीठात आलेली.

तिची पहिली चूक आम्ही सगळ्यांनी केलेली. वर्गातल्या मुलीला तिने सांगितलं, "ये ना कधीतरी खोलीवर, पोहे करते." ती मुलगी मान कलती करून म्हणाली, "चोत्तो…" आणि पुढचं वाक्य हवेत सोडून दिलं. चोत्तो म्हणजे 'थोडंसं', हे हिला पुण्याच्या जपानी वर्गात शिकवलेलं. हिने दोन आठवडे वाट पाहिली. लक्षात ठेवा, अर्ध्यावर सोडलेला चोत्तो म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. आणि ते 'नाही' तुम्हाला नसतं, त्या बेताला असतं. इथे घरी बोलावणं ही फार पुढची पायरी. आपल्याकडे मैत्री चहाच्या कपापासून सुरू होते. इथे ती एखादं काम, छंद, फेरफटका असं काहीतरी बरोबर करण्यातून होते. तारीख, वेळ आणि परतीची गाडीसुद्धा ठरलेली असली की समोरच्याला मोकळं वाटतं.

मग तिने पुन्हा विचारलं, यावेळी नीट. "येत्या रविवारी किबिजीला सायकलने जाऊ या का? संध्याकाळी पाचपर्यंत परत." पाच मिनिटांत होकार आला.

किबिजी म्हणजे जुन्या किबी प्रांतातला सायकलमार्ग. ओकायामाहून मोमोतारो लाइनने बिझेन-इचिनोमियाला उतरायचं, स्टेशनाजवळ सायकल भाड्याने घ्यायची आणि साधारण पंधरा-सतरा किलोमीटरवर सोजाला ती परत करायची. चढ फारसा नाही, दोन्ही बाजूंना भातखाचरं. रोख पैसे जवळ ठेवा, लहान दुकानांत कार्ड चालेलच असं नाही. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, तेवढं एक सुख. मात्र डबलसीट नाही, आणि सायकल चालवताना फोन हातात मुळीच नाही. नोव्हेंबर 2024 पासून त्याला 1 लाख येनपर्यंत दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

भेटायची वेळ साडेनऊची. आमची मुलगी 9 वाजून 34 मिनिटांनी पोहोचली आणि पुण्याच्या हिशोबाने खुशीत होती. मैत्रीण सव्वानऊपासून तिथे. ती काही बोलली नाही, पण हिची गाडी चुकली असेल म्हणून काळजीने तिने 'लाइन' अॅपवर दोन मेसेज पाठवले होते, ते हिने नंतर पाहिले. तीन मिनिटांचा उशीर दिसत असला तरी आधी कळवा. इथे उशिरापेक्षा न कळवणं जास्त लागतं.

वाटेतल्या किबित्सु देवळात सुमारे चारशे मीटर लांबीचा लाकडी छताचा व्हरांडा आहे, डोंगराच्या उतारावरून जमिनीबरोबर खालीवर होत जाणारा. दारातल्या हौदावर आधी हात धुवायचे, ओंजळीत पाणी घेऊन तोंड खळखळायचं. हिने सवयीने ते तीर्थासारखं पिऊन टाकलं. मैत्रिणीचे डोळे मोठे झाले, मग दोघी इतक्या हसल्या की मागच्या आजीबाईही हसू लागल्या. दिवसातला अवघडलेपणा तिथेच संपला, असं ती सांगते. देवापुढे मैत्रिणीने तिला 5 येनचं भोकाचं नाणं दिलं. पाच येन म्हणजे 'गो-एन', आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं.

या देवळात एक मोठं भांडं आहे. चुलीवर पाणी उकळून त्यावर तांदूळ ठेवतात आणि भांडं घुमण्याच्या आवाजावरून शकुन पाहतात. दंतकथा अशी की वीर किबित्सुहिकोने मारलेल्या उरा नावाच्या राक्षसाचं डोकं त्या चुलीखाली पुरलेलं आहे. जपानी मुलांच्या तोंडी असलेली मोमोतारोची गोष्ट याच दंतकथेशी जोडतात. आमची मुलगी म्हणाली, "आमच्याकडे शकुन कुकरची शिट्टी सांगते." हे जपानीत सांगायला तिला दहा मिनिटं आणि भरपूर हातवारे लागले. मोडक्या भाषेची लाज बाळगू नका. समोरचीही तुमच्या इंग्रजीला घाबरलेली असते.

जेवण त्सुकुरियामाच्या टेकडीवर. ही टेकडी म्हणजे पाचव्या शतकातली, सुमारे 350 मीटर लांबीची कबर, लांबीत जपानातली चौथी. पहिल्या तीन राजघराण्याच्या खात्याकडे असल्याने त्यांवर पाय ठेवता येत नाही, हिच्यावर चढून डबा खाता येतो. हिने तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, आणि कोंबिनी दुकानातून उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, ओनिगिरी, शेवाळात गुंडाळलेला भाताचा गोळा. शाकाहारी मंडळींनी इथे सावध राहावं. भाजीच्या सूपातही बरेचदा वाळवलेल्या माशाचं दाशी असतं, तयार करी मसाल्यात अनेकदा प्राण्यांची चरबी असते. "मांस नको" म्हटलं की फक्त तुकडे काढून देणारं हॉटेल भेटतंच. आम्ही सगळे जपानीत लिहिलेला कागद पाकिटात ठेवतो: मांस, मासे, दाशी, जिलेटिन चालत नाही. ओनिगिरीचं वेष्टन मात्र मैत्रिणीनेच शिकवलं. आधी 1 नंबरची पट्टी मधून खाली, मग 2 आणि 3 ची टोकं हळूच बाजूला, म्हणजे समुद्रशेवाळ फाटत नाही. हिने पहिल्या खेपेला चिंध्या केल्या.

पुरीचा एक घास खाऊन मैत्रीण थोडा वेळ गप्प बसली. हिला वाटलं, तिखट लागलं. इथल्या गप्प बसण्याला घाबरू नका, ते दर वेळी नाराजीचं नसतं. मग ती म्हणाली, "आणखी एक घेऊ का? आईला दाखवायची आहे." हिने पुऱ्यांचा डबाच तिच्या हातात दिला. तिने तो रुमालात गुंडाळला, कचऱ्याची पिशवी घडी करून आपल्या दप्तरात टाकली. कचराकुंड्या सापडत नाहीत, कचरा घरी न्यायचा असतो.

बित्चू कोकुबुन्जीचा पाच मजली पॅगोडा शेतांच्या मधोमध उभा आहे. सम्राट शोमूच्या 741 च्या आज्ञेने प्रांतोप्रांती जी देवळं उभी राहिली, त्यांतल्या एकाची ही जागा, पॅगोडा मात्र खूप नंतरचा. तिथे दोघी फारसं बोलल्याच नाहीत म्हणे. सोजाला किबिदांगो नावाची मिठाई घेतली, पैसे ज्याचे त्याने दिले. हिशोब वेगळा मागताना संकोच नको, उलट तुम्ही हट्टाने सगळं बिल भरलंत तर समोरच्यावर ओझं होतं.

आता आमच्यातल्या बहुतेकांनी उशिरा शिकलेली गोष्ट. घरी पोहोचताच आभाराचा मेसेज करायचाच, पण पुन्हा भेट झाली की "त्या दिवशीबद्दल आभार" हे तोंडी म्हणायचं. आपल्याला ते कृत्रिम वाटतं. मित्रमैत्रिणींत आभार कसले, असं आपण म्हणतो. इथे तो मागच्या भेटीचा धागा पुढच्या भेटीला बांधण्याचा प्रकार आहे. आमच्या मुलीला मेसेज रात्री आला, पुरी खाणाऱ्या आईच्या फोटोसकट. गुरुवारी वर्गात ती पुन्हा आभार मानून म्हणाली, "पुढच्या महिन्यात कोराकुएन?"

पुण्याहून आलेल्यांना सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ठाऊक असतंच. ते ज्या बागेवरून बेतलं, ती ही कोराकुएन. इकेदा त्सुनामासाने 1687 मध्ये सुरू करून 1700 मध्ये पुरी केलेली. आत भातशेती आहे, चहाचा मळा आहे, आणि एका मंडपाच्या तळमजल्यातून झरा वाहतो. बेत दुसऱ्या शनिवारी सकाळी 10 चा होता. आमची मुलगी पावणेदहाला दारात पोहोचली. मैत्रीण आधीच उभी होती, हातात मोकळा डबा घेऊन, आईने धुऊन, चिठ्ठी घालून परत पाठवलेला.