ट्रॅक्टरचे इंजिन तापते आणि मिसिंग करते : दोष कसा ओळखावा?

सोयाबीन निघाल्यानंतर जिरायत हरभऱ्याची पेरणी जमिनीतील ओलाव्यावर केली जाते. हा ओलावा फार दिवस थांबत नाही. याच सुमारास मळणी, मशागत आणि पेरणी अशी तिन्ही कामे ट्रॅक्टरवर येऊन पडतात आणि नेमके याच वेळी इंजिन तापण्याच्या व मिसिंग करण्याच्या तक्रारी वाढतात.

एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला या दोन्ही तक्रारी एकाच वेळी सुरू झाल्या. हेड गॅसकेट गेले असावे असे समजून हेड खोलण्यात आले. नवीन गॅसकेट बसवून ट्रॅक्टर परत येईपर्यंत आठ दिवस गेले आणि रानातला ओलावा उडाला. शेतात नेल्यावर इंजिन पुन्हा तापले व पुन्हा मिसिंग करू लागले. शेवटी दोष सापडले ते असे : रेडिएटरपुढील जाळीत सोयाबीनचा भुसा घट्ट बसला होता आणि डिझेलच्या टाकीकडून येणारा रबरी पाइप चिरल्यामुळे त्यातून हवा ओढली जात होती. दोन्ही दोष अर्ध्या तासात निघण्यासारखे होते. हेडला हात लावण्याची गरजच नव्हती.

पीक पिवळे पडले म्हणजे आपण लगेच खत टाकत नाही. पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला की नवीन पानांपासून, हे प्रथम पाहतो. जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता आणि शेंड्याकडील कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडली तर लोहाची कमतरता असण्याचा संभव जास्त. इंजिनाच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. आधी काय सुरू झाले हे ठरवावे, मग सोप्या व बिनखर्चाच्या तपासण्या क्रमाने कराव्यात आणि हेड खोलण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनासाठी हा क्रम पुढे दिला आहे.

दोन तक्रारींचे एकमेकींशी नाते

इंजिन तापणे आणि मिसिंग करणे या तक्रारी तीन प्रकारे एकत्र येतात.

१) दोन्ही दोष वेगवेगळे असतात व योगायोगाने एकाच वेळी दिसतात. वरील उदाहरण याच प्रकारचे आहे.

२) एका दोषामुळे दुसरा होतो. इंजिन वारंवार तापल्याने हेड वाकते, गॅसकेट जळते आणि त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन गळून मिसिंग सुरू होते.

३) दोन्हींचे मूळ एकच असते. ठिबकणारा नोझल, चुकलेला फ्युएल पंपाचा टायमिंग किंवा दोन सिलिंडरमध्ये फुटलेले गॅसकेट यांमुळे दोन्ही तक्रारी येऊ शकतात.

म्हणून ट्रॅक्टर चालविणाऱ्यास पुढील प्रश्न विचारावेत. आधी काटा वर गेला की आधी ठोका चुकला? मिसिंग थंड इंजिनावरही होते की तापल्यावरच होते? तापणे फक्त रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्रावर होते की रिकाम्या ट्रॅक्टरवरही होते? रेडिएटरमध्ये रोज पाणी घालावे लागते काय? या चार उत्तरांत अर्धे निदान असते.

इंजिन तापल्यास तात्काळ काय करावे

काटा तांबड्या पट्ट्यात गेल्यास प्रथम अवजार उचलून किंवा पी.टी.ओ. बंद करून भार काढावा. पाणी शिल्लक असेल व पंख्याचा पट्टा शाबूत असेल तर इंजिन तीन ते पाच मिनिटे स्लोवर चालू ठेवावे, म्हणजे आतील उष्णता सारखी उतरते. मात्र पाणी संपले असेल, पट्टा तुटला असेल, वाफ जोरात येत असेल किंवा ऑइलचा दाब कमी असल्याचा दिवा लागला असेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. झाकणामुळे आत दाब राहतो. अर्धा किलो प्रति चौरस सें.मी. दाबाखाली पाणी सुमारे १११ अंश सेल्सिअसला उकळते. झाकण उघडताच हा दाब एकदम जातो आणि उकळते पाणी व वाफ तोंडावर येते. इंजिन पुरते निवू द्यावे, मग जाड कापड धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे व दाब गेल्यावरच काढावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. त्यामुळे हेड किंवा ब्लॉक तडकतो.

पहिली पायरी : तापण्याची कारणे तपासणे

इंजिन थंड असताना ही तपासणी पुढील क्रमाने करावी.

१) पाणी : पातळी कमी असल्यास गळती शोधावी. रबरी पाइप, पाइपांच्या पट्ट्या, रेडिएटरची खालची टाकी आणि वॉटर पंपाखालील लहान छिद्र पाहावे. या छिद्रातून पाणी ठिबकत असल्यास पंपाचे सील गेले असे समजावे.

२) जाळी व रेडिएटर : भुसा, धूळ व तणांचे बी बसल्यास हवा जात नाही. जाळी काढून झटकावी. रेडिएटर इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. पुढून जोरात फवारा मारल्यास कचरा आणखी आत बसतो व पातळ पत्र्या वाकतात.

३) पंख्याचा पट्टा : इंजिन बंद असताना दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबावे. साधारण अर्धा ते पाऊण इंच दबला तर ताण योग्य समजावा. पट्टा तेलकट किंवा चिरलेला असल्यास बदलावा.

४) वरचा व खालचा पाइप : इंजिन चालवून गरम झाल्यावर बंद करावे व दोन्ही पाइपांजवळ हात नेऊन उष्णतेचा अंदाज घ्यावा. इंजिन तापले, पण वरचा पाइप थंडच असेल तर थर्मोस्टॅट उघडत नाही. वरचा कढत व खालचा अगदी थंड असेल तर रेडिएटर आतून चोंदलेला असण्याचा किंवा वॉटर पंप पाणी फिरवत नसल्याचा संभव आहे. दोन्ही पाइप सारखेच कढत असतील तर पाणी फिरते, पण उष्णता बाहेर जात नाही. अशा वेळी जाळी, पट्टा व पंखा पुन्हा पाहावा.

५) थर्मोस्टॅट : काढून भांड्यातील पाण्यात बुडवावा व पाणी तापवावे. थर्मोस्टॅटवर त्याच्या उघडण्याचे तापमान छापलेले असते. त्या सुमारास तो उघडला नाही तर बदलावा. थर्मोस्टॅट काढून टाकून इंजिन चालविण्याची पद्धत चुकीची आहे. इंजिन कायम थंड राहिल्यास डिझेल पुरते जळत नाही, ते ऑइलमध्ये मिसळते आणि लायनर व रिंगा लवकर झिजतात.

हे सर्व ठीक असूनही इंजिन तापत असेल तर काटाच चुकीचा दाखवतो काय हे दुसऱ्या तापमापकाने पडताळावे. तसेच अवजार ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीला झेपणारे आहे किंवा नाही याचाही विचार करावा.

दुसरी पायरी : मिसिंगची कारणे तपासणे

पेट्रोल इंजिनात मिसिंग म्हटले की स्पार्क प्लगकडे हात जातो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेटते. म्हणून येथे डिझेल, हवा व कॉम्प्रेशन या तीन गोष्टी पाहाव्यात.

१) डिझेलमध्ये हवा किंवा पाणी : सर्व सिलिंडर आळीपाळीने अडखळत असतील व इंजिन मधूनच बंद पडत असेल तर हेच कारण बहुधा असते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू काढून पाणी व गाळ सोडावा. टाकीपासूनचे पाइप व जोड तपासावेत. नंतर हातपंप मारून प्रथम फिल्टरचा व नंतर फ्युएल पंपाचा एअर स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी.

२) फिल्टर : स्लोवर इंजिन ठीक चालते, पण भार येताच ओढत नाही, अशा वेळी डिझेल फिल्टर चोंदला असण्याचा संभव असतो.

३) एअर क्लीनर : काळा धूर येत असल्यास प्रथम एअर क्लीनर साफ करावा. ऑइल बाथ प्रकारात ऑइल खुणेपर्यंतच भरावे. मळणीच्या दिवसांत हे काम रोज करावे.

४) कोणता सिलिंडर बंद आहे? : जुन्या पद्धतीच्या फ्युएल पंपावर इंजिन स्लोवर ठेवून नोझलकडे जाणाऱ्या पाइपाचे नट एकेक करून पान्याने थोडे सैल करतात व पुन्हा आवळतात. चालू सिलिंडरचा नट सैल करताच इंजिनाचा आवाज बदलतो. ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तोच सिलिंडर काम करत नाही. डिझेलचा बारीक फवारा कातडीतून आत शिरतो व गंभीर इजा करतो. म्हणून हात दूर ठेवावा, चष्मा लावावा व नटावर कापड टाकावे. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनावर ही तपासणी मुळीच करू नये. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून नवीन प्रदूषण मानके लागू झाल्यामुळे त्यांत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आली आहे. त्यांतील दाब फार मोठा असतो, म्हणून अशा ट्रॅक्टरची तपासणी अधिकृत कारागिराकडूनच करून घ्यावी.

बंद सिलिंडर सापडल्यावर त्याचा नोझल दुसऱ्या सिलिंडरच्या नोझलशी बदलून पाहावा. मिसिंग नोझलबरोबर दुसरीकडे गेले तर नोझल खराब आहे. ते जागेवरच राहिले तर टॅपेटमधील अंतर, व्हॉल्व्ह, रिंगा किंवा गॅसकेट यांकडे वळावे.

धुराचा रंग काय सांगतो?

काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल जास्त, ठिबकणारा नोझल, जादा भार.
निळा धूर : ऑइल जळते. रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेले.
पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर : न जळलेले डिझेल. नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशनचा दोष.
पांढरी वाफ, इंजिन तापल्यावरही न थांबणारी : सिलिंडरमध्ये पाणी येत असण्याचा संभव.

तिसरी पायरी : हेड गॅसकेटची खात्री

पुढील खुणा दिसल्या तरच हेडकडे वळावे.

१) बाहेर कोठेही गळती नसताना रेडिएटरचे पाणी रोज कमी होते.
२) डिपस्टिकवरील ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढते. ऑइलमध्ये पाणी आढळल्यास इंजिन अजिबात चालू करू नये, बेअरिंग जातात.
३) थंड इंजिन सुरू करताच एक-दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा कडक होतो.
४) शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी मिसिंग करतात.

खात्रीची चाचणी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करावी. ऑइल स्वच्छ असल्याचे पाहून पंख्याचा पट्टा काढावा, रेडिएटर काठोकाठ भरावा व झाकण उघडे ठेवून इंजिन जास्तीत जास्त एक मिनिट चालवावे. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरतो आहे. याचा अर्थ गॅसकेट गेले आहे किंवा हेड वा लायनर तडकला आहे. चाचणी चालू असताना तोंड झाकणावर आणू नये. चाचणीनंतर पट्टा पुन्हा बसवावा.

हेड खोलल्यावर केवळ नवीन गॅसकेट टाकून भागत नाही. हेडची सपाटी पट्टी व फीलर गेजने तपासून घ्यावी. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच आवळावेत. ताण किती द्यावा हे त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गॅसकेट ज्यामुळे जळले ते तापण्याचे मूळ कारण शोधावे. ते तसेच राहिले तर नवीन गॅसकेटही टिकत नाही.

हंगामापूर्वीची काळजी

विहिरी व बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. क्षारांचा थर आतून बसतो व उष्णता अडवतो. मऊ पाणी व शिफारस केलेले कूलंट वापरावे. छपरावरील स्वच्छ पावसाचे पाणी साठविल्यास या कामी येते. रेडिएटर आतून धुण्यासाठी धुण्याचा सोडा वापरण्याची पद्धत आहे, परंतु अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला तो अपायकारक आहे. डिझेलची टाकी सायंकाळी काम संपल्यावर भरावी, म्हणजे रात्री टाकीत दव धरून डिझेलमध्ये पाणी साचत नाही. डिझेल गाळून भरावे.

ट्रॅक्टरसोबत एक लहान वही ठेवावी. पाणी किती घातले, फिल्टर केव्हा बदलला, काटा कोणत्या कामावर कुठपर्यंत गेला याची तारखेसह नोंद करावी. इंजिन बिघडण्यापूर्वी काही दिवस लक्षणे दाखवते आणि ती या वहीत दिसतात. कारागिराकडे जाताना ही वही सोबत न्यावी आणि वरील तपासण्यांपैकी कोणत्या केल्या, त्यांत काय आढळले, हे त्याला सांगावे. त्यामुळे त्याचे काम सोपे होईल, अनावश्यक खर्च वाचेल आणि वाफसा असेपर्यंत ट्रॅक्टर रानात राहील.