पटाच्या कोष्टकातील दुबार ओळी : शोध, निर्णय व निरसन

प्रास्ताविक

शाळेचा पट आता केवळ जनरल रजिस्टराच्या पानांत राहिलेला नाही. सन २०१५ मध्ये आपल्या राज्यात ‘सरल’ प्रणाली सुरू झाली आणि २०२२-२३ पासून ‘युडायस प्लस’मध्येही प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती स्वतंत्रपणे भरली जाऊ लागली. शाळेची वा केंद्राची यादी संगणकावर राखण्याचे काम ज्या शिक्षक बंधुभगिनींकडे आहे, त्यांना एक अडचण वारंवार भेडसावते. ती अशी की, एकाच मुलाच्या नावाच्या दोन ओळी कोष्टकात आढळतात. दुबार ओळ राहू दिली तर पट फुगतो आणि पुस्तके, गणवेश व आहार यांचा हिशेब चुकतो. उलटपक्षी, दुबार समजून भलतीच ओळ पुसली तर एक खरे मूल पटावरून नाहीसे होते. या दोन चुकांत दुसरी अधिक गंभीर होय. म्हणून ओळी पुसण्याची रीत शिकताना पुसू नये अशा ओळी ओळखण्याची रीत आधी शिकली पाहिजे.

१. दुबार ओळ म्हणजे काय ?

माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत ठेवण्याची पद्धत एडगर कॉड या शास्त्रज्ञाने आयबीएम कंपनीत काम करीत असता जून १९७० मध्ये एका निबंधाद्वारे मांडली. त्यावरूनच आजच्या ‘रिलेशनल डेटाबेस’ची उभारणी झाली. या पद्धतीचा पाया गणितातील संचाच्या कल्पनेवर आहे. संचात एक घटक एकदाच मोजला जातो. त्याचप्रमाणे कोष्टकातही एका वस्तूची एकच ओळ असावी, असे तत्त्व आहे. परंतु १९७४ पासून विकसित होत गेलेली ‘एसक्यूएल’ ही आज्ञाभाषा व्यवहारात तितकी काटेकोर राहिली नाही. आपण निर्बंध घातला नसेल, तर तीच ओळ दुसऱ्यांदा भरली असताही यंत्र ती मुकाट्याने स्वीकारते.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. दिसण्यात सारख्या असणाऱ्या ओळी आणि एकाच मुलाच्या ओळी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. यंत्रास केवळ पहिली गोष्ट कळते. दुसरीचा निर्णय शिक्षकानेच करावयाचा असतो.

२. उदाहरण

पुढील कोष्टक केवळ समजुतीसाठी रचले आहे.

ओळ १ : रजिस्टर क्र. ४१२, सुनीता, आई कमल, जन्म १४-६-२०१६
ओळ २ : रजिस्टर क्र. ४१३, राम, आई शांता, जन्म २-१-२०१७
ओळ ३ : रजिस्टर क्र. ४१४, लक्ष्मण, आई शांता, जन्म २-१-२०१७
ओळ ४ : रजिस्टर क्र. ४१२, सुनीता, आई कमल, जन्म १४-६-२०१६
ओळ ५ : रजिस्टर क्र. ४३०, सुनिता, आई कमल, जन्म १४-६-२०१६
ओळ ६ : रजिस्टर क्र. ४३१, सुनीता, आई मंगल, जन्म १४-६-२०१६

‘ओळ क्रमांक’ हा रकाना मुद्दाम ठेविला आहे. तो नसता तर पहिली व चौथी ओळ अक्षरशः एकच दिसली असती, आणि ‘ही ठेव व ती पूस’ असे यंत्रास सांगण्यास काही साधनच उरले नसते. म्हणून ज्या कोष्टकात असा रकाना नसेल, तेथे प्रथम तो जोडावा.

३. शोध

दुबार ओळी शोधण्यासाठी ‘ग्रुप बाय’ या आज्ञेने सारख्या ओळींचे गट पाडतात, आणि ‘हॅविंग काउंट’ एकाहून अधिक, अशी अट घालून फक्त शंकास्पद गट पुढे मागवितात. कोणते रकाने सारखे असता गट पाडावा, हाच येथील कळीचा प्रश्न आहे. वरील कोष्टकावर निरनिराळ्या कसोट्या लावून पाहू.

(अ) केवळ रजिस्टर क्रमांक घेतला तर ओळी १ व ४ सापडतात, पाचवी निसटते.
(आ) नाव व जन्मतारीख घेतली तर ओळी १, ४ व ६ एका गटात येतात. परंतु सहाव्या ओळीतील सुनीता ही निराळ्या आईची निराळी मुलगी आहे. ‘पहिली ठेवून उरलेल्या पूस’ अशी आज्ञा येथे दिली, तर तिचे नाव विनाकारण जाईल.
(इ) आईचे नाव व जन्मतारीख घेतली तर ओळी १, ४ व ५ एका गटात येतात, हे इष्टच. पण ओळी २ व ३ यांचाही गट पडतो. आणि राम व लक्ष्मण ही तर जुळी भावंडे!
(ई) नाव, आईचे नाव व जन्मतारीख ही तिन्ही घेतली तर जुळी वाचतात, पण पाचवी ओळ पुन्हा निसटते. कारण तेथे ‘सुनिता’ ऱ्हस्व लिहिले आहे.

यावरून असा नियम निघतो की, शोधताना कसोटी सैल असावी आणि पुसताना काटेकोर असावी. सैल कसोटीने आलेली यादी ही केवळ संशयितांची यादी होय. तिच्यावरून थेट पुसण्याची आज्ञा कधीही देऊ नये.

मराठी नावांच्या बाबतीत आणखी दोन अडचणी आहेत. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील ‘ऱ्’ संगणकात दोन रीतींनी साठविता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखे दिसतात, यंत्रास मात्र ते भिन्न वाटू शकतात. तसेच नावाच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा दिसत नाही, पण तुलनेत बाधा आणते. म्हणून तुलनेपूर्वी मोकळ्या जागा छाटून लेखन एकसारखे करून घ्यावे.

४. निर्णय

संशयित ओळी हाती आल्या की जनरल रजिस्टर, जन्मदाखला व पालकांची भेट या तीन साधनांनी खात्री करावी. आपल्या उदाहरणात असे आढळले असे समजा की, ओळ ४ ही माहिती दोनदा भरली गेल्याने आली. ओळ ५ चे कारण वेगळे आहे. सुनीताचे आईवडील ऊसतोडीस गेले, त्यांच्याबरोबर ती गेली, आणि हंगाम संपल्यावर परत आली तेव्हा जुने नाव न शोधता तिला नव्या क्रमांकाने दाखल करण्यात आले.

दुबार नोंद दिसली की लबाडीचा संशय घेण्याची प्रवृत्ती असते; ती सोडावी. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार, शाळा बदलताना दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता वा लांबविता येत नाही. नव्या शाळेत नाव चढते आणि जुन्या शाळेतील नाव दाखला जाईपर्यंत तसेच राहते. अशी दुबार नोंद ही बालकाच्या हक्काची छाया होय. तिचे निरसन जरूर करावे; परंतु त्यापायी मुलास एक दिवसही वर्गाबाहेर ठेवू नये.

५. निरसनाची कृती

(१) प्रथम संपूर्ण कोष्टकाची प्रत काढून निराळी ठेवावी.

(२) ठेवावयाची ओळ निश्चित करावी. सर्वांत जुनी ओळ आपोआप उत्तम ठरत नाही; जी कागदपत्रांशी जुळते व अधिक पूर्ण आहे ती ठेवावी. येथे ओळ १ ठेवू.

(३) जाणाऱ्या ओळीस जोडलेली माहिती पाहावी. हजेरी व गुण ही निराळ्या कोष्टकांत असून विद्यार्थ्याच्या ओळीशी दुव्याने बांधलेली असतात. परतल्यानंतरची सुनीताची हजेरी ओळ ५ शी जोडलेली आहे. ती प्रथम ओळ १ कडे वळवावी. तसे न करता ओळ ५ पुसली, तर कोष्टकाच्या रचनेप्रमाणे यंत्र एक तर पुसण्यास नकार देईल, किंवा हजेरीही सोबत पुसून टाकील, किंवा ती निराधार सोडील.

(४) पुसण्यापूर्वी ‘बिगिन’ या आज्ञेने व्यवहार उघडावा. मग ओळ क्रमांकाचा स्पष्ट उल्लेख करून ओळी ४ व ५ पुसाव्यात. आता मोजणी करावी. सहातून दोन गेल्या, चार उरावयास हव्यात. आणि हजेरीच्या एकूण दिवसांची बेरीज पूर्वीइतकीच भरावयास हवी. दोन्ही ताळे जुळले तरच ‘कमिट’ म्हणावे. न जुळल्यास ‘रोलबॅक’ म्हणताच सर्व पूर्ववत होते.

(५) कागदी जनरल रजिस्टरात मात्र खाडाखोड करू नये. क्रमांक ४३० पुढे कारणासह शेरा लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यावी.

‘सिलेक्ट डिस्टिंक्ट’ ही आज्ञा दिली की दुबार ओळी गेल्या, असा समज काही ठिकाणी आढळतो. ती आज्ञा दुबार ओळी केवळ दाखविताना वगळते. मूळ कोष्टक जसेच्या तसे राहते.

६. पुनरावृत्ती टाळणे

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवसांची विशेष पटपडताळणी झाली, तेव्हा एक मूल दोनदा मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटास शाई लावण्यात आली होती. कोष्टकातही अशी शाई लाविता येते. तिला ‘युनिक’ निर्बंध म्हणतात. रजिस्टर क्रमांकाच्या रकान्यास तो लाविला की तोच क्रमांक दुसऱ्यांदा भरता येत नाही. मात्र बहुतेक प्रणालींत दोन रिकाम्या जागा परस्परांशी सारख्या मानल्या जात नाहीत. म्हणून तो रकाना रिकामा सोडता येणार नाही, असाही निर्बंध सोबत घालावा. निर्बंध लाविण्यापूर्वी जुन्या दुबार ओळी निघालेल्या असल्या पाहिजेत, अन्यथा यंत्र तो स्वीकारणार नाही.

तथापि पाचव्या ओळीसारखी चूक या निर्बंधाने थांबत नाही, कारण तेथे क्रमांकच नवा होता. तिच्यावर उपाय एकच : कोणतेही मूल दाखल करताना नवी ओळ लिहिण्यापूर्वी आईचे नाव व जन्मतारीख यांवरून जुनी ओळ शोधावी. हे काम दोन मिनिटांचे आहे. पुढे ती चूक निस्तरताना मात्र रजिस्टर, दाखला व पालकांची भेट हे सारे सोपस्कार करावे लागतात.

सारांश, यंत्रापुढे ओळी असतात, शिक्षकापुढे मुले असतात. कोणत्या दोन ओळी एका मुलाच्या, हे जो मुलांना ओळखतो त्यानेच ठरवावे आणि मगच यंत्रास आज्ञा द्यावी.

स्वाध्याय

१. वरील कोष्टकात केवळ ‘जन्मतारीख’ ही कसोटी घेतल्यास किती गट पडतील ? त्यांतील कोणत्या ओळी पुसणे अयोग्य ठरेल ?
२. राम व लक्ष्मण यांची नावे पुसली जाऊ नयेत, पण ‘सुनिता’ सापडावी, यासाठी शोध व निर्णय यांची वाटणी कशी कराल ?
३. आपल्या शाळेच्या यादीत आईचे नाव व जन्मतारीख सारखी असलेल्या ओळी काढा. प्रत्येक गटापुढे ‘जुळी’, ‘दुबार’ वा ‘तपासावयाचे’ असा शेरा लिहा. या स्वाध्यायात एकही ओळ पुसू नये.