व्हॅलेटाला भरती किती वाजता असते?

प्रश्न : आम्ही रावेतला राहतो. मुलगी नुकतीच सहा वर्षांची झाली, मुलगा अडीच वर्षांचा. मिस्टर चाकणला प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत आहेत. दर सुट्टीत आम्ही कोकणात जातो आणि भरती-ओहोटी बघूनच मुलांना पाण्यात सोडतो. यंदा माल्टा बेटावरच्या व्हॅलेटा शहरात जायचा बेत आहे, सासूबाईही बरोबर येणार आहेत. तिथलं भरतीचं वेळापत्रक कुठे मिळेल? मे महिन्यात जावं की दिवाळीत? आणि मुलाची बाबागाडी न्यावी का?
— एक वाचक, रावेत

उत्तर : वेळापत्रक शोधू नका, त्याचा तिथे उपयोग नाही. माल्टाच्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी ओहोटीपेक्षा जेमतेम वीतभर वर चढतं, साधारण 20 सेंटिमीटर. सकाळी जिथे टॉवेल पसरलात तिथेच तो संध्याकाळी कोरडा सापडेल.

कोकणातल्या माणसाला हे पटायला जड जातं. आपल्याकडे तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आगेमागे. पुढे सहा तासांनी ओहोटी. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटर वरखाली होतं, तर खंबातच्या आखातात भावनगरकडे हाच फरक दहा मीटरच्या आसपास जातो. मग त्याच चंद्राची ओढ भूमध्य समुद्रावर का चालत नाही?

चालते, पण तिला जागा अपुरी पडते. मोठी भरती ही मुळात महासागराची गोष्ट आहे. हजारो किलोमीटर पसरलेलं पाणी चंद्र-सूर्याच्या ओढीने हलतं, त्याची एक लांबलचक लाट तयार होते, आणि ती उथळ किनाऱ्याकडे किंवा निमुळत्या आखातात शिरली की उंच होते. गुजरात-मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राचा तळ दूरवर उथळ आहे आणि खंबातचं आखात नरसाळ्यासारखं अरुंद होत जातं, म्हणून आपल्याकडे एवढा तमाशा. भूमध्य समुद्र मात्र जवळजवळ बंदिस्त. त्याचं अटलांटिकशी असलेलं दार म्हणजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी, सगळ्यांत अरुंद ठिकाणी जेमतेम 14 किलोमीटर रुंद. बाहेर अटलांटिकला भरती आली तरी एवढ्याशा दारातून सहा तासांत आत किती पाणी येणार? समुद्राची पातळी काही बोटं वाढते न वाढते तोच बाहेर ओहोटी सुरू होते. याला अपवाद दोनच ठळक. व्हेनिसच्या बाजूला उधाणात मीटरभर आणि ट्युनिशियातल्या गाबेसच्या आखातात त्याहूनही जास्त भरती येते, कारण तिथे पुन्हा उथळ तळ आणि कोंडलेली जागा. माल्टा या दोन्हींपासून लांब, मधोमध आहे. एखाद्या वेळी हवेच्या दाबातल्या चढउतारांमुळे तिथल्या उपसागरांत पाणी काही मिनिटांतच वरखाली होतं. त्याला स्थानिक लोक 'मिलघुबा' म्हणतात. त्याचा तिथीशी काही संबंध नाही.

म्हणजे मुलांना बिनधास्त सोडावं, असा याचा अर्थ नव्हे. तिथे घड्याळाऐवजी वारा बघायचा. वायव्येचा वारा जोरात असला की उत्तर-पश्चिमेचे उघडे किनारे खवळतात, त्या दिवशी आग्नेयेकडच्या बिर्झेबूजाच्या बाजूला जावं. ईशान्येचा वारा सुटला तर ईशान्येकडे तोंड असलेल्या उपसागरांच्या वाट्याला जाऊ नये. बेट एवढं लहान आहे की एका टोकाची लाट टाळून दुसऱ्या टोकाला जाणं बसनेही जमतं. जीवरक्षक असतील तिथे झेंडा बघा. लाल झेंड्याला पाण्यात उतरायचं नाही, जांभळा असेल तर जेलीफिश आलेले आहेत. आणखी एक गोष्ट. गुहागरसारखी मैलभर वाळू डोळ्यांपुढे आणू नका. माल्टाचा बहुतेक किनारा खडकाळ आहे, खडकांवर काटेरी समुद्री अर्चिन असतात, त्यामुळे मुलांच्या पायांत रबरी बूट हवेतच. अडीच वर्षांच्या मुलासाठी मेलिहाचा 'घादिरा' किनारा बरा. तिथे वाळू आहे आणि पाणी बरंच लांबपर्यंत गुडघ्याएवढं. व्हॅलेटाहून बसने तासभर तरी धरा.

दुसरा प्रश्न हंगामाचा. भूमध्य समुद्राचं ऋतुचक्र आपल्या उलट असतं. उन्हाळा कोरडा ठणठणीत, पाऊस शरदात आणि हिवाळ्यात. शिवाय पाणी हवेपेक्षा सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. मे महिन्यात ऊन छान पण समुद्र थंडगार, 18-19 अंशांच्या आसपास. मोठी माणसं 'हू हू' करत एक बुडी मारून बाहेर येतात, मुलं रडतात. ऑगस्टला पाणी 26 अंशांवर पोचतं, मात्र उन्हात दुपारी रस्त्यावर फिरणं मुलांना झेपत नाही. ऑक्टोबरात हवा उतरलेली असते, पाणी मात्र अजून 23-24 अंश. तेव्हा माझा कौल असा : दिवाळी ऑक्टोबरात असेल तर दिवाळीतच जा, अधूनमधून गडगडाटी सर येईल एवढं धरून चला. अधिक महिना मध्ये येऊन दिवाळी नोव्हेंबरात सरकली असेल तर बेत मेअखेर ते शाळा सुरू होईपर्यंतच्या दिवसांत टाका. जुलै-ऑगस्ट नकोच.

आता बाबागाडी. व्हॅलेटा हे शहर एका खडकाळ सोंडेवर वसलंय, दोन्ही बाजूंना खोल बंदरं. 1565 साली ऑटोमन तुर्कांनी माल्टाला वेढा घातला. तो उठल्यावर सेंट जॉनच्या सरदारांचा प्रमुख झाँ द ला व्हॅलेट याने 1566 मध्ये इथे नव्या शहराचा पाया घातला, त्याचंच नाव शहराला पडलं. फ्रांचेस्को लापारेल्ली या इटालियन अभियंत्याने कागदावर सरळ काटकोनी रस्ते आखले आणि ते तसेच खडकावर उतरवले. उतार कितीही असो, रस्ता सरळ. परिणाम आजही पायांना कळतो. सोंडेच्या माथ्यावरून जाणारे रिपब्लिक स्ट्रीट आणि मर्चंट्स स्ट्रीट हे दोन रस्ते बऱ्यापैकी सपाट आहेत, मोठा भाग फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, तिथे बाबागाडी पळते. डावी-उजवीकडे वळलात की थेट पायऱ्या! गाडी, त्यात झोपलेला मुलगा आणि शेजारी गुडघे दुखणाऱ्या सासूबाई हे चित्र डोळ्यांसमोर आणा. घडी होणारी हलकी गाडी न्या आणि पोराला पाठीवर किंवा पोटाशी बांधायची झोळीही न्या.

मुक्कामाबाबतही हेच. व्हॅलेटातली जुनी घरं देखणी, लाकडी रंगीत सज्ज्यांची, पण आत अरुंद जिने आणि अनेकदा लिफ्ट नाही. मुलं आणि आजी बरोबर असताना मी समोरच्या स्लीमात राहीन. समुद्राकाठचा सपाट लांब फेरफटक्याचा रस्ता, स्वयंपाकघर असलेले फ्लॅट, आणि फेरीबोटीने व्हॅलेटा दहाएक मिनिटांवर. मुलांना ती बोटच जास्त आवडते.

शहर चिमुकलं आहे, सगळं मिळून एक चौरस किलोमीटरही भरत नाही. त्यामुळे 'सगळं पाहून होईल ना' ही धास्ती सोडा. सकाळी अप्पर बराक्का बागेत जायचं. खालच्या तोफखान्यातून रोज दुपारी बारा वाजता तोफ उडते. मुलाचे कान आधीच झाका, नाहीतर उरलेली दुपार रडण्यात जाईल. मग बागेतूनच 58 मीटर उंचीची लिफ्ट बंदराकाठी उतरवते. 2012 साली ही लिफ्ट सुरू झाल्यापासून सासूबाईंसारख्यांची मोठी सोय झाली आहे. खाली फेरीबोट धरून समोरच्या बिर्गूला जा, परत या, एवढ्यात दिवस पुरतो. याच ग्रँड हार्बरमध्ये 1878 साली रशियाला धाक दाखवण्यासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे सात हजारांची फौज आणून उतरवली होती. मुंबई इलाख्याच्या पलटणीही तीत होत्या, पुढे त्यांना सायप्रसला धाडलं. आपल्याकडच्या पुस्तकांत याचा उल्लेख क्वचितच दिसतो, म्हणून सांगितलं.

सेंट जॉन चर्चमध्ये कारावाज्जोने 1608 साली काढलेलं शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही केली आहे ती चित्रातल्या रक्तातच. मोठ्यांनी जरूर पाहावं. सहा वर्षांच्या मुलीला न्यायचं की नाही ते तिच्या स्वभावावर. हाल-साफ्लिएनीचं भुयारी प्राचीन स्मारक तर सहा वर्षांखालच्यांना बंदच आहे आणि तासाला मोजकीच माणसं आत सोडतात, तेव्हा एकाने मुलाजवळ थांबावं. त्यापेक्षा कालकाराचं 'एस्प्लोरा' विज्ञान केंद्र दोघांनाही रमवेल. आणि मिस्टरांसाठी खास : प्लेमोबिलची छोटी प्लास्टिकची माणसं माल्टातच साच्यातून निघतात. हाल-फारला कारखान्याशेजारीच मुलांसाठी खेळबाग आहे. मोल्डिंगवाल्याने सुट्टीतही मोल्डिंग पाहावं का, हा प्रश्न तुमच्या घरात सोडवा.

रावेतकरांना आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी. तुमच्याकडे पवनेवरच्या रावेत बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडचं बरंचसं पाणी उचललं जातं. माल्टात नदीच नाही. नवं शहर वसवताना प्रत्येक घराखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं खोदलंच पाहिजे असा नियम होता, कारण व्हॅलेटाच्या खडकात पुरेसे झरे नव्हते. 1615 मध्ये आतल्या टेकड्यांवरून दगडी कमानींवरून पाणी आणलं, त्या कमानींचे भाग रस्त्याकडेला अजून उभे आहेत. आपला सिंधुदुर्ग या बाबतीत नशीबवान. 1664 मध्ये महाराजांनी भर समुद्रात काम सुरू केलं आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी लागल्या. मुलीने सिंधुदुर्ग पाहिला असेल तर तिला हे सांगा. आज माल्टाचं निम्म्याहून जास्त पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गाळून होतं. नळाचं पाणी सुरक्षित आहे, चव मात्र वेगळी लागते, म्हणून लोक बहुधा बाटलीचं पितात.

खाण्याचं थोडक्यात. 'पास्तित्सी' नावाची खुसखुशीत पुडी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. शाकाहारी असाल तर पिठात प्राण्याची चरबी आहे का ते विचारा. पाव, पास्ता, संत्री यांवर मुलांचं भागतं. मेतकूट, तांदूळ, चिवडा न्या. तूप, पेढे, खव्याचं काहीही नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून सामानातून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. बाळाच्या दुधाची पावडर मात्र सीलबंद असेल तर दोन किलोपर्यंत चालते. मे महिन्यात हापूसही नको, त्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. नारळ आणि केळी बिनदाखल्याची चालतात, त्याला इलाज नाही.

गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून धावतात, प्लग इंग्रजी पद्धतीचा चौकोनी तीन पिनांचा.

व्हिसा शेंगेनचा. सहा वर्षांखालच्या मुलाला फी नाही. मुलीला मात्र अर्धी फी पडेल, 90 ऐवजी 45 युरो. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. आईवडील दोघांच्या सह्या आणि जन्मदाखला लागतो, 30 हजार युरोंचा प्रवासविमाही लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. दिवाळीला जाणार असाल तर तो गणपतीआधी टाका. आणि त्याही आधी मुलीचा पासपोर्ट कपाटातून काढून बघा : लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तान्ही असताना काढला असेल तर तो एव्हाना संपला आहे.