साडेपाच तासांची तफावत

एकाच संगणकावर विंडोज आणि उबुंटू अशा दोन प्रणाली नांदविणाऱ्या माणसावर जे प्रसंग ओढवतात, त्यांपैकी बहुतेकांत यंत्राचे दुखणे किरकोळ असते व उपचार मात्र प्राणांतिक ठरतो, असे माझे दीर्घ वहिवाटीनंतरचे मत झाले आहे. छापखान्याला मजकूर श्रीलिपीतच हवा म्हणून विंडोज, आणि बाकीचा सारा व्यवहार मनाजोगता व्हावा म्हणून उबुंटू, अशी माझ्याकडील तजवीज. ती सुरळीत चालू असता एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास विंडोजच्या कोपऱ्यातील घड्याळ पहाटेचे साडेचार दाखवू लागले. ते नीट करून दुसऱ्या प्रणालीत शिरावे, तो तेथे, इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत, दुपारचे साडेतीन वाजलेले.

मदरबोर्डवरचा सेल संपला, असा घरातल्या जाणत्यांनी निकाल दिला आणि यंत्र दुरुस्तीच्या दुकानी रवाना झाले. तेथील तरुणाने सेल बदलला, आणि हात लागलाच आहे तर म्हणून बायोसही नवे चढविले. त्यानंतर यंत्र सुरू करताच विंडोज थेट उघडले. कोणत्या प्रणालीत जायचे हे जिच्यातून निवडावे, ती ग्रबची काळी यादी दिसेचना. “काका, लिनक्स उडालंय. फॉरमॅट मारून सगळं परत टाकावं लागेल,” असे तो उद्गारला, आणि इतक्या सहजतेने, की माझ्या जागी एखादा गरजू विद्यार्थी असता तर त्याने मान डोलावून प्रबंधाला तेथेच तिलांजली दिली असती. मी यंत्र उचलून घरी आणले.

वास्तविक, चूक कोणत्या आकाराची आहे हे आधी पाहावयास हवे होते. सेल संपला म्हणजे यंत्र बंद असेल तितके घड्याळ मागे पडते, किंवा कुठल्या तरी जुन्या तारखेवर जाऊन बसते. ते दर वेळी नेमके साडेपाच तासच चुकत नाही. साडेपाच तास हे भारतीय प्रमाणवेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांतील अंतर आहे. मदरबोर्डवरील घड्याळात स्थानिक वेळ लिहिलेली आहे असे विंडोज धरून चालते, तर जागतिक वेळ आहे असे लिनक्स. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक, आणि तफावत त्या प्रामाणिकपणातूनच उपजते. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ एवढा एक हुकूम दिला की तंटा मिटतो. ही पद्धत सदोष असल्याचा इशारा यंत्र देते खरे, पण त्यातील मुख्य आक्षेप उन्हाळ्यात घड्याळे पुढे करणाऱ्या देशांसाठी आहे, आणि तो प्रकार आपल्याकडे नाही.

आता लिनक्स ‘उडण्या’विषयी. अलीकडच्या यंत्रांत डिस्कवर एक छोटा, फॅट३२ पद्धतीचा ईएफआय विभाग असतो, आणि त्यात प्रत्येक प्रणालीचा स्वतंत्र फोल्डर असतो. कोणत्या फोल्डरातील कोणती फाईल आधी चालवायची, याची यादी मात्र मदरबोर्डच्या स्मृतीत राहते. नवे बायोस चढविताना ती यादी कित्येकदा पुसली जाते, आणि विंडोजची नोंद तेवढी आपोआप पुन्हा होते. सातबाऱ्यावरून नाव गळाले म्हणून शेत वाहून जात नाही, तद्वत येथेही माझी एकूण एक फाईल जागेवर होती. खात्री करून घ्यावयाची, तर उबुंटूच्या पेन ड्राईव्हवरून यंत्र सुरू करावे, ‘ट्राय उबुंटू’ निवडावे व ईएफआय विभाग उघडून पाहावा. ‘मायक्रोसॉफ्ट’शेजारी ‘उबुंटू’ हा फोल्डर दिसला म्हणजे निम्मी चिंता मिटली. त्यानंतर ‘ईएफआयबूटएमजीआर’ या हुकुमाने ‘शिमएक्स६४’ या फाईलची नोंद पूर्ववत करता येते. या यंत्रावर ईएफआयची सोय नाही, असे उत्तर मिळाले तर घाबरू नये. पेन ड्राईव्ह जुन्या पद्धतीने सुरू झाला आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, म्हणून सुरुवातीच्या मेनूतून ‘यूईएफआय’ असे लिहिलेली त्याचीच दुसरी ओळ निवडून पाहावी.

याउलट ग्रब दिसतो पण त्यात विंडोज नाही, असेही घडते. ग्रबच्या २०२१ सालच्या २.०६ या आवृत्तीपासून शेजारच्या प्रणालीचा शोध घेणे मूळ स्थितीतच बंद ठेवलेले आहे. सेटिंगच्या फाईलीत ते चालू करून ‘अपडेट-ग्रब’ म्हटले की भागते.

बायोसला हात लावू देण्यापूर्वी मात्र एक दक्षता अवश्य घ्यावी. विंडोजच्या डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, आणि नव्या लॅपटॉपांत ते मालकाच्या नकळतही लागलेले असते, तर अशा बदलानंतर ४८ अंकांची किल्ली मागितली जाण्याचा संभव असतो, व ती हाती नसेल तर फॉरमॅटची भाषा अखेर खरी ठरते. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून आधीच कागदावर उतरवून घ्यावी. संगणकातच जपून ठेवणारे महाभागही मी पाहिले आहेत.

विंडोजचा विभाग लिनक्समध्ये नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही, ही तक्रारही नेहमीची. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘शट डाऊन’ने यंत्र पुरते बंद होत नाही, ‘फास्ट स्टार्टअप’च्या सोयीमुळे अर्धेमुर्धे निजते, आणि अशा स्थितीत त्या विभागात लिहिल्यास मजकूर बिघडू शकतो म्हणून लिनक्स हात आखडता घेते. तेथे जबरदस्ती करू नये. विंडोजमध्ये जाऊन ‘रीस्टार्ट’ करावे, अथवा पॉवर ऑप्शन्समध्ये ती सोयच कायमची काढून टाकावी. यंत्र सुरू व्हावयास काही क्षण अधिक लागतात, एवढाच काय तो तोटा.