दिवे हिरवे, तरी प्रोग्रॅम जाईना

कासारवाडी-भोसरी पट्ट्यातल्या लहान गाळ्यांमध्ये मी नेटवर्कची कामं करतो. गुरुवारची सुट्टी झाली की शुक्रवारी सकाळी फोन ठरलेले. त्यातलाच एक : "सीएनसी मशीनला प्रोग्रॅम जात नाहीये. केबल बदलून झाली. इंटरनेट मात्र चालू आहे."

गेलो तर ऑपरेटर पेनड्राइव्ह घेऊन जिना चढ-उतार करत होता. सुट्टीत कुणीतरी नवा राउटर बसवून गेलं होतं. एका पोर्टाला वरचं ऑफिस, दुसऱ्याला खालची शेड. दोन्ही दिवे हिरवे, आणि दोन्हीकडचे पत्ते १९२.१६८.१ याच मालिकेतले. काही राउटर असे पत्ते टाकूच देत नाहीत. हा मुकाट घेणारा निघाला.

ऑफिसच्या संगणकावरून मशीनला पिंग केलं. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' हे उत्तर आलं, पण ते संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्यावरून. खूण हीच. संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१०, मशीनचा १९२.१६८.१.५०, मास्क २५५.२५५.२५५.०. संगणकाच्या हिशेबी मशीन त्याच्याच नेटवर्कात आहे, मग तो राउटरला विचारेल कशाला? आपल्याच बाजूला 'पन्नास नंबर कोण?' अशी हाक मारतो. ती हाक राउटर पलीकडे जाऊ देत नाही. तो असतोच त्यासाठी. उलट राउटरलाही त्या मालिकेकडे जाणारे दोन रस्ते दिसतात, त्यातला तो एकच धरतो. केबल कितीही बदला, काय होणार?

शेडला १९२.१६८.२० ही वेगळी मालिका दिली, आणि मशीनमध्ये गेटवे म्हणून राउटरचा शेडकडचा पत्ता भरला. हे दुसरं काम बरेच जण विसरतात. मग प्रोग्रॅम मशीनपर्यंत पोचतो, पण मशीनचं उत्तर परत येत नाही. मास्कही तपासा : एकीकडे २५५.२५५.०.० ठेवलात तर १९२.१६८ने सुरू होणारे सगळे पत्ते त्याच बाजूचे ठरतात आणि घोळ तोच.

खरं तर दोन-चार मशीनच्या गाळ्यात ऑफिस आणि शेड वेगळी ठेवायचीच नसतील, तर राउटर मध्ये घालू नका. साधा स्विच लावा, मग सगळ्यांना एक मालिका चालते. वेगळी ठेवायची असतील तर राउटरच्या प्रत्येक पोर्टाला स्वतंत्र सबनेट, म्हणजे वेगळी मालिका, हवाच. बसवणाऱ्याचं बिल देण्याआधी कोणत्या पोर्टावर कोणती मालिका, मास्क आणि गेटवे, हे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पॅनेलच्या दारावर आतून चिकटवा.