पक्वाशयगामी औषधे आणि वनस्पतिज बहुशर्करांचे आवरण

पक्वाशय हे वायूचे प्रमुख स्थान. तेथील व्याधींत औषध साक्षात स्थानी पोचावे म्हणून आचार्यांनी बस्तीची योजना केली. मुखावाटे दिलेले औषध मात्र मोठ्या आतड्यापर्यंत जाण्यापूर्वीच बहुधा शोषले जाते किंवा पाचक रसांनी विघटित होते. यावर औषधनिर्माणशास्त्राने शोधलेला एक उपाय म्हणजे वनस्पतिज बहुशर्करांचे आवरण.

तत्त्व : जठरातील सामू साधारणतः १ ते ३ असतो, लहान आतड्याच्या अखेरीस तो ७ च्या पुढे जातो. या फरकावर उघडणारी आवरणे प्रचलित आहेत. परंतु सामू व्यक्तिपरत्वे व व्याधिपरत्वे बदलतो. त्यामुळे गोळी कधी अकाली उघडते, तर कधी अखंडच मलावाटे पडते. जीवाणूंच्या संख्येतील फरक मात्र फार मोठा आहे. जठरात प्रति मिलिलिटर सुमारे एक हजार किंवा त्याहून कमी, तर मोठ्या आतड्यात प्रति ग्रॅम शंभर अब्जांच्या घरात जीवाणू असतात. मानवी पाचक रसांना जी बहुशर्करा तोडता येत नाही, ती हे जीवाणू तोडतात. म्हणजेच आवरणाचे कुलूप उघडणारी किल्ली पक्वाशयातच असते.

द्रव्ये : गवारीच्या बियांतील डिंक हा गॅलॅक्टोमॅनन वर्गातील आहे. पाण्याच्या संपर्कात तो फुगून दाट पिच्छिल थर बनतो व आतील औषध रोखून धरतो. पातळ लेप यासाठी पुरत नाही. म्हणून मूळ गोळीभोवती डिंकाचे चूर्ण दाबून जाड कवच केले जाते. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ मध्ये अशा कवचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. लिंबूवर्गीय फळांच्या सालींतील पेक्टिन पाण्यात सहज विरघळते. त्यास कॅल्शियमची जोड दिल्यास ते टिकाऊ होते. अलीकडे युरोपात मेसालामिनच्या १६०० मिलिग्रॅमच्या गोळीवर स्टार्च व सामूसंवेदी द्रव्य यांचे संयुक्त आवरण वापरात आले आहे.

मर्यादा : प्रतिजैविकांनी आतड्यातील जीवाणू घटल्यास आवरण उशिरा उघडू शकते. तीव्र अतिसारात गोळी वेगाने पुढे सरकते व औषधाला पुरेसा अवधी मिळत नाही.

चिकित्सकांसाठी : येथे स्वतःची एक चूक नमूद करणे कर्तव्य समजतो. सरक्त प्रवाहिकेची लक्षणे असलेल्या, अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झालेल्या एका वृद्ध रुग्णास मेसालामिनच्या गोळ्या चालू होत्या. गोळी गिळवत नाही, असे त्यांनी सांगताच मी सवयीने ती कुटून मधातून घेण्यास सांगितले. काही दिवसांतच रक्तस्राव पुन्हा सुरू झाला. विवरणपत्र वाचले तेव्हा उमगले, की आवरणाविना हे औषध बहुतांशी लहान आतड्यातच शोषले जाते. ते आवरण सामूवर उघडणारे होते. तथापि धडा सर्वच आवरणांना लागू आहे.

म्हणून वैद्यबंधुभगिनींनी रुग्णाच्या चालू औषधांत आवरणयुक्त गोळी आहे काय, हे पाहावे. ती कुटण्यास, तोडण्यास वा चावण्यास सांगू नये. गिळणे कठीण असल्यास मूळ चिकित्सकाशी बोलून पर्याय ठरवावा. नुकतीच प्रतिजैविके घेतली काय, हेही विचारावे. चूर्ण व वटी अनुपानासह देण्याची आपली परंपरा योग्यच आहे; परंतु जेथे आवरण हाच कल्पनेचा प्राण आहे, तेथे खलबत्ता दूर ठेवणे हेच युक्तियुक्त होय.